मामाच्या गाडीचा प्ले

मामाची गाडी सरळ चालवू शकणारा माणूस जगात एकच होता, तो म्हणजे मामा. हे मामाच सांगायचा. कोणी विचारलेलं नसायचं.

पण खोटं नव्हतं. गाडी जुनी, फोर-व्हील ड्राइव्ह, कापडी छताची. दार लावायचं तर आधी उचलायचं, मग ढकलायचं. तिचं स्टिअरिंग पाव फेरा फिरवलं तरी पुढच्या चाकांना त्याची खबर नसायची. याला प्ले म्हणतात. हात आणि चाकं यांच्यामधली रिकामी जागा. चांगल्या गाडीत ती बोटभर असते, मामाच्या गाडीत वीतभर होती. त्यामुळे मामा चालवताना स्टिअरिंग सतत हलवत असायचा, डावीकडे, उजवीकडे, डावीकडे, उजवीकडे, पीठ चाळल्यासारखा. आणि गाडी मात्र दोरी लावल्यासारखी सरळ. लांबून बघणाऱ्याला वाटायचं की म्हातारा कोणाशी तरी झटापट करतोय आणि गाडीचा त्याच्याशी काही संबंध नाही.

जावयानं एकदा हौसेनं चालवायला घेतली. फाटकातून निघाली ती थेट मामीच्या कुंड्यांत. सात कुंड्या फुटल्या. मामाला इतकं खूश मी आधी कधीच बघितलं नव्हतं. पुढची दोन वर्षं घरी पाहुणा आला की त्याला चहाच्या आधी ती जागा दाखवली जायची.

दर सोमवारी मामा टॉवरच्या माणसांना घेऊन डोंगरावर जायचा. वर फोनचा टॉवर आहे, त्याची देखभाल असते. रस्ता असा की दुसरी गाडी पायथ्यालाच हात टेकते. टॉवरची माणसं मामाला कॅप्टन म्हणायची. आणि रविवारवाले तर काय, पायाच पडायचे बाकी. रविवारवाले म्हणजे गावातल्या हौशी लोकांचा ग्रुप. सगळ्यांच्या गाड्या चकाचक, पुढे गाडी ओढून काढायची विंच, त्या विंचवर अजून दुकानातलं प्लास्टिक. चिखल लागला तर पुसायचा नाही असा त्यांचा नियम, कारण चिखल मुश्किलीनं मिळतो. ते मामासोबत फोटो काढायचे. म्हणायचे, कॅप्टन, हे हातातच असावं लागतं.

मग पत्र आलं.

इतक्या वर्षांवरच्या गाड्यांची आता नव्यानं तपासणी. आधी कसं होतं, साहेब खिडकीतून बघायचे, गाडी आहे का, आहे, शिक्का. आता नवीन यार्ड, नवीन मॅडम, दोन परीक्षा. पहिली, गाडी उभी असताना स्टिअरिंगचा प्ले दोन बोटांच्या आत पाहिजे. दुसरी, दोन पांढऱ्या पट्ट्यांच्या मधून गाडी शंभर पावलं सरळ चालवून दाखवायची. नापास झाली की गाडी भंगारात. फेरपरीक्षा नाही. तारीख बारा दिवसांवर.

भंगार म्हटल्यावर जावई लगेच आले. माणूस चांगला आहे, खोटं का बोला. त्यांचं फरशांचं शोरूम आहे. ते म्हणाले, बाबा, गाडी गेली तर गेली, तुम्ही आमच्याकडे या, काही करायचं नाही, नुसतं बसायचं. काउंटरमागे फिरती खुर्ची घेऊन ठेवली होती, वरचं कव्हरही काढलेलं नव्हतं.

मामा त्या खुर्चीवर आधी एक दिवस बसून आला होता. ताईनं, म्हणजे त्याच्या मुलीनं, हट्ट केला म्हणून. त्या एका दिवसात एक बाई फरशा बघायला आल्या, फोनमधे घरचे फोटो दाखवले. मामानं फोटो नीट बघितले आणि सांगितलं, ही फरशी अजून वीस वर्षं जाते, कशाला बदलताय. बाई आभार मानून गेल्या. घरी आल्यावर मामा रात्रीचं जेवला नाही. मला म्हणाला, "अरे, तिथं माणसं माझ्याशी हळू बोलतात. आजारी असल्यासारखी."

म्हणजे गोष्ट साधी होती. गाडी पास झाली तर सोमवार, नाही तर खुर्ची.

पहिला उपाय डॉक्टरांनी केला. डॉक्टर म्हणजे मामाचे जुने मित्र आणि मेकॅनिक. इंजिनवर स्क्रू ड्रायव्हर टेकवून मूठ कानाला लावतात, डोळे मिटतात, म्हणून डॉक्टर. स्टिअरिंगच्या बॉक्सला बाजूला एक स्क्रू असतो. तो पिळला की प्ले कमी होतो. डॉक्टरांनी पिळला. प्ले गेला. सगळ्यांनी माना डोलावल्या. मामा गाडी घेऊन निघाला आणि पहिल्याच वळणावर स्टिअरिंग वळलं ते वळलेलंच राहिलं. सरळच होईना. मामा त्या चौकात तीन वेळा गोल फिरला. तिसऱ्या फेरीला पानवाल्यानं विचारलं, काही शोधताय का.

स्क्रू परत ढिला केला. डॉक्टर म्हणाले, जुन्या गाडीला प्ले असायचाच, तो गाडीचा श्वास असतो. तो बंद केला तर गाडी गुदमरणारच.

मी म्हटलं बॉक्स उघडू या.

मी मिक्सर, वॉशिंग मशीन असलं दुरुस्त करतो. शिकलो कुठेच नाही. उघडून उघडून आलं. त्यामुळे डॉक्टर माझ्याकडे कंपाउंडरकडे बघावं तसंही बघत नाहीत. मामा म्हणाला, "भाचेबुवा, मिक्सरमधे चटणी होते. यात माणसं बसतात." मग मामी आतून म्हणाली, अहो उघडू द्या त्याला, बिघडायचं काय राहिलंय, नाहीतरी खुर्ची आलीच आहे. खुर्ची म्हटल्यावर मामानं पान्यांची पेटी माझ्याकडे सरकवली.

बॉक्स खाली काढायलाच दीड दिवस गेला. त्याच्या खाली एक आर्म असतो, तोच चाकांना ढकलतो. तो असा बसला होता की जसा काही गाडीआधी जन्माला आला. ओढून काढायचा पुलर लावला, ताण दिला, बाजूनं हातोडा मारला, गरम केला, परत हातोडा. शेवटी मी चहा प्यायला उठलो तेव्हा तो आपला आपण टक्क करून निसटला. डॉक्टर म्हणाले, मी मघाशी हात लावला होता त्याचा परिणाम.

झाकण उघडलं. आत तेल पाहिजे. तेल नव्हतं. आत ग्रीस होतं, त्याच्याखाली दुसरं ग्रीस, त्याच्याखाली काळा डांबरासारखा थर. ज्यानं ज्यानं गळती थांबवली त्यानं आपापला माल भरला होता. आणि तळाला एक चामड्याची गोल चकती. मी ती रॉकेलमधे धुतली, तांबड्या रंगाची निघाली, कडेला शिवण. मामानं हातात घेऊन बराच वेळ बघितली. मग म्हणाला, हा माझा पट्टा आहे. लग्नातला. कधीतरी आवाज येत होता म्हणून त्यानंच कापून घातला होता. मामी म्हणाली, आणि मला सांगितलंत की ट्रेनमधे चोरीला गेला.

आतला मामला सोपा असतो. एक जाड शाफ्ट, तिच्यावर गोल गोल फिरत जाणारी खोल खाच. त्या खाचेत एका लिव्हरच्या दोन खुंट्या बसतात. स्टिअरिंग फिरवलं की खाच फिरते, खुंट्या सरकतात, आर्म हलतो. आता माणूस आयुष्यभर जास्त करून सरळच जातो. म्हणून खाच झिजते ती बरोबर मधे. दोन्ही टोकांना नवी कोरी. डॉक्टरांनी स्क्रू पिळला तेव्हा मधली झीज भरून निघाली, पण वळताना खुंट्या त्या कोऱ्या भागात शिरल्या आणि अडकल्या. श्वासबिस काही नाही. मी हे डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, तेच तर मी म्हणत होतो.

खुंट्या नव्या पाहिजेत, खाचवाली शाफ्ट नवी पाहिजे. नवी मिळत नाही. रविवारवाल्यांच्या ग्रुपवर विचारलं. चाळीस उत्तरं आली. त्यातली एकतीस अंगठे होती. एकानं लिहिलं की खरा ड्रायव्हर प्लेवर प्रेम करतो. एकानं विंच घ्यायला सांगितली.

भंगारवाल्याकडे असल्या गाड्यांचे सहा बॉक्स होते. पाच उघडले, पाचही मधे झिजलेले. सहावा उघडला आणि मी तिथेच बसलो. टोकाला झिजलेला, मधे जसाच्या तसा. भंगारवाला म्हणाला, ती गाडी खाणीवरची, जन्मभर आवारातच गोल गोल फिरली, रस्ता कधी बघितलाच नाही. मला एवढंच कळलं की कोणाचं तरी वाकडं आयुष्य आपल्या कामी आलं.

लेथवाल्यानं खुंट्या करून दिल्या, लिव्हर फिरतो तिथल्या पितळी कड्या, म्हणजे बुश, दाबून बसवल्या. तो बोलत नाही. वस्तू हातात देतो आणि मान हलवतो, एवढीच त्याची गॅरंटी. मग मी शाफ्टच्या बेअरिंगखाली पातळ पत्र्याच्या चकत्या घालत बसलो. एक जास्त झाली की जड, एक कमी झाली की खुळखुळ. असं किती वेळा उघडलं आणि लावलं ते मोजलं नाही. मामी जेवायला हाक मारायची, मी चकती हातात घेऊनच ताटावर बसायचो. मग स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फेरे मोजले, बरोबर निम्म्यावर आणलं, तिथे स्क्रू पिळला, आर्म लावला, तेल भरलं. पट्टा परत घातला नाही. मामानं विचारलं होतं घालायचा का.

एका बोटानं फिरवून बघितलं. चाकं हलली. बोट हललं की चाक हललं. मी दहा मिनिटं नुसता तेच करत बसलो.

मामा चालवायला बसला. तीन दिवस उरले होते. गल्लीत सगळे बघायला उभे. मामानं गिअर टाकला आणि सवयीनं पीठ चाळायला सुरुवात केली. डावीकडे, उजवीकडे. पण आता मधे रिकामी जागाच नव्हती ना. गाडी डावीकडे गेली, उजवीकडे गेली, डावीकडे गेली. टोकापर्यंत सापासारखी. समोरून येणारा सायकलवाला उतरला आणि सायकल हातात धरून भिंतीला चिकटून उभा राहिला.

मामा परत आला, खाली उतरला आणि मला म्हणाला, बिघडवलीस.

मी बसलो, गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आलो. सरळ. मग मामी म्हणाली त्यांना पुन्हा बसू दे. पुन्हा साप. डॉक्टरांनी स्क्रू ड्रायव्हर खिशात ठेवला.

मामा पायरीवर बसून हात बघत होता, असे उलटे सुलटे करून.

मग तो म्हणाला, पहिल्यासारखी ढिली कर. मी म्हटलं ढिली केली तर पहिल्या परीक्षेत नापास. घट्ट ठेवली तर दुसऱ्या परीक्षेत नापास. मामाला हे पटत होतं आणि पटवून घ्यायचं नव्हतं. तेवढ्यात डॉक्टरांना तोड सुचली. पहिली परीक्षा घट्ट द्यायची. मग गाडी पट्ट्यांकडे नेताना मधे पाच-सात मिनिटं मिळतात, तेवढ्यात ते बॉनेट उघडून स्क्रू ढिला करणार. कोणी विचारलं तर पाणी बघतोय म्हणायचं. म्हणजे मी सात दिवस खपून जो दोष काढला, तो दोष हे मधल्या वेळात परत घालणार, गाडी निर्दोष आहे हे सिद्ध करायला. आणि दोघं खरंच सरावाला लागले. अंगणात. मामी घड्याळ धरून. पहिल्यांदा चार मिनिटं लागली, मग तीन, मग डॉक्टरांचा चष्मा इंजिनमधे पडला.

मी मामाला म्हटलं की असलं काही करायचं असेल तर मी यार्डात येणार नाही. हे मी जरा जोरात म्हटलं.

उरलेले दोन दिवस मामी त्याला मोकळ्या मैदानावर घेऊन गेली. शेजारी बसायची, चष्म्याची डबी हातात. हात हलला की डबी बोटांवर. "काही करू नका. नुसतं धरा." मामा म्हणायचा की नुसतं धरून गाडी चालते का कधी. डबी. मी मागच्या सीटवर. दुसऱ्या दिवसापर्यंत मोठ्या सापाचा लहान साप झाला. पुढे होईना.

यार्डात रविवारवाले आधीच हजर होते. त्यांच्या गाड्या नव्या, त्यांची तपासणी नव्हती, कॅप्टनला धीर द्यायला आले होते. दोघांनी फोन स्टँडवर लावले होते. डॉक्टर इस्त्रीचा शर्ट घालून आले, वरच्या खिशातून स्क्रू ड्रायव्हरची मूठ दिसत होती.

मॅडम तरुण होत्या, कोणाकडे बघून हसत नव्हत्या. त्यांनी खिडकीतून हात घालून स्टिअरिंग हलवलं आणि चाकाकडे बघितलं. परत हलवलं. मग शेजारच्या रांगेतल्या साहेबांना बोलावून त्यांना हलवायला लावलं. प्ले एक बोटभर पण नव्हता. मॅडमनी विचारलं, बॉक्स नवीन टाकला का. मामानं माझ्याकडे बोट केलं. मॅडमनी फॉर्मवर खूण केली आणि पट्ट्यांकडे चालत गेल्या.

डॉक्टर पुढे सरकले, पाणी बघायला. मामानं खिडकीतून त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. आणि गाडी चालू करून सरळ पट्ट्यांकडे नेली. सरळ म्हणजे, त्या दिशेनं.

दहा पावलं बरी गेली. मग हात सुटले. मला मागून खांदे दिसत होते, डावीकडे, उजवीकडे. एकदा चाक पट्टीवर गेलं. परत गेलं. शेवटी शेवटी तर पट्टीच्या पलीकडे. एकानं फोन खाली घेतला, दुसऱ्यानं झूम केला.

मॅडम लिहायला लागल्या. मी पळतच गेलो. त्यांनी लिहिलं होतं, वाहन सरळ रेषेत चालत नाही, स्टिअरिंग. पुढे अजून लिहायचं होतं. मी तोंड उघडलं, पण बोलायचं काय. गाडी बरोबर आहे म्हटलं की मामा चूक. एवढ्या लोकांत. कॅप्टन.

मामा उतरला होता. दार उचलून लावलं. म्हणाला, "मॅडम, गाडीचं नाव लिहू नका. माझं लिहा."

मॅडमना कळलं नाही.

"गाडी सरळ आहे. तीस वर्षं वाकडी गाडी सरळ चालवली मी, आता सरळ गाडी मला सरळ चालवता येत नाही. हात ऐकत नाहीत." त्यानं हात पुढे करून दाखवले, जणू ते तपासून घेणार होत्या.

कोणी हसलं नाही. मॅडमनी फॉर्म वरपासून खालपर्यंत वाचला. हेडलाइट होते, हॉर्न होता, आरसे होते. हात कुठेच नव्हते. मग मागचं पान उलटलं, तिथे बारीक अक्षरात काहीतरी होतं. त्या म्हणाल्या, मालक किंवा मालकानं नेमलेला चालक. कोणाला नेमताय.

रविवारवाल्यांचा पुढारी गॉगल कपाळावर सरकवून पुढे आला. डॉक्टरही एक पाऊल आले. मामानं दोघांनाही बघितलं. मग मला म्हणाला, "बस. आणि काही करू नकोस."

मी बसलो. ती गाडी चालवायला खरंच काही लागत नव्हतं. शंभर पावलं मी काहीही केलं नाही. तेवढंच करायचं होतं. चाकं दोन्ही पट्ट्यांपासून सारखीच लांब राहिली, मॅडम मागून चालत येत होत्या, त्यांनी टोकाला पोचल्यावर आधीचं लिहिलेलं खोडलं.

पाच वर्षांचं पासिंग मिळालं. मॅडमनी कागद देताना नियमाप्रमाणे मामाचं लायसन्सही बघितलं, तारीख तपासली, म्हणाल्या, हे चालू आहे, तुम्ही चालवू शकता. मामी तिथूनच जावयांच्या घरी फोन लावून मोकळी झाली. पलीकडून ताई रडली की हसली ते कळलं नाही.

रविवारवाल्यांच्या ग्रुपवर संध्याकाळी मामाचा व्हिडिओ आला, खाली लिहिलं होतं, खरा कॅप्टन यंत्राला दोष देत नाही. दोनशे अंगठे. आणि त्याआधी दुपारी तो गॉगलवाला पुढारी मला यार्डाच्या फाटकापाशी बाजूला घेऊन, इकडे तिकडे बघून, हळू आवाजात विचारत होता, माझ्या गाडीत थोडा प्ले टाकून मिळेल का. फार नको, दिसण्यापुरता.

सोमवारी टॉवरची माणसं मागे बसली, मी पुढे मामाच्या शेजारी. मामा स्टिअरिंगला बसला, गल्ली संपेपर्यंत गाडी दोन्ही कडांना विचारून आली, मागच्यांनी दांडे घट्ट धरले. मोठ्या रस्त्याला लागायच्या आधी त्यानं गाडी थांबवली, उतरला, पलीकडून येऊन माझ्या जागी बसला. मी सरकलो. पायथ्यापर्यंत सपाट रस्ता मी चालवला. मामा हात मांडीखाली दाबून बसला होता.

पायथ्याला मी थांबलो. तिथून पुढे रस्ता सरळ असा नाहीच. एक वळण संपत नाही तोवर दुसरं, मधे दगड, मधे पाण्यानं खाल्लेली चर. मामानं माझ्याकडे बघितलं नाही, नुसतं, सरक, म्हणाला. बसला. पहिल्या वळणाला हात डावीकडे गेले, दुसऱ्याला उजवीकडे, मग डावीकडे, उजवीकडे, आणि प्रत्येक वेळी तिथे खरंच वळण होतं. मागून टॉवरवाला म्हणाला, कॅप्टन, आज गाडी हलकी चालतेय. मामा म्हणाला, आज मलाही काम कमी आहे, आणि पुढच्या वळणाला दोन बोटं स्टिअरिंगवरून उचलून बघितली, लगेच परत ठेवली.